गाळलेलं प्रकरण

मैनाबाई पहिल्यांदा कमलिनीच्या दारात आली ती भांडायच्या तयारीनंच. पदर कमरेला खोचलेला, मागे सतरा वर्षांची मुलगी, मुलीच्या हातात वह्यांची कापडी पिशवी.

"तुमी पोरींले गनित शिकवता ना? हिलेबी शिकवा," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "बाकीचे देतात ते आमीबी देऊ. उपकार नाई पायजे."

वर्ष होत आलं होतं, या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भिलाईतल्या त्या सेक्टरात क्लार्क लोकांची रांग आणि कामगारांची रांग पाठीला पाठ लावून उभी होती, मध्ये एक गल्ली. क्वार्टर्स नवीन, झाडं त्याहून नवीन. कमलिनीनं अंगणात लावलेली पेरूची आणि मोगऱ्याची रोपं मैनाबाईच्या शेळ्यांनी दोनदा खाल्ली होती. तिसऱ्यांदा कमलिनीनं टाउनशिपच्या ऑफिसात तक्रार दिली आणि शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. मैनाबाईनं त्या सोडवून आणल्या, विकून टाकल्या, आणि मग गल्लीत उभं राहून साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात नागपूरवाल्या बायांचा उद्धार केला. कमलिनी नागपूरची होती.

त्या सेक्टरात गणित घेऊन बी.ए. झालेली बाई ती एकटीच. तिचा नवरा श्यामराव कारखान्याच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होता. घर आवरल्यावर दुपार मोकळी जायची, म्हणून तिनं मुलगी शीला आणि तिच्या शाळेतल्या चार-पाच मैत्रिणींना पुढच्या खोलीत शिकवायला सुरुवात केली होती. सगळ्या अकरावीच्या, म्हणजे बोर्डाच्या वर्षाच्या, सगळ्या ऑफिसातल्या बाबूंच्या मुली. मैनाबाईचा नवरा मारोतराव रिगर होता. भारी यंत्रं साखळ्या-दोरखंडांनी उचलून जागेवर बसवायची, हे त्याचं काम. कारखान्याचा विस्तार चालू होता आणि रिगर लोकांना उसंत नव्हती.

"प्रायव्हेट बसणाऱ्या मुली मी घेत नाही, मैनाबाई," कमलिनी म्हणाली. "चार दिवस येतात अन् सोडून देतात."

मैनाबाईची ही मुलगी, मथुरा, प्रायव्हेट बसणार होती. तुमसरला तिचं नववीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. इथं आल्यावर शाळेनं सांगितलं, हिंदीतून शिकायचं असेल तर दोन वर्ग खाली बसवू. बापानं ते ऐकलं नाही. मुलगी घरी शिकेल आणि बाहेरून परीक्षेला बसेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

"हे नाई सोडनार," मैनाबाई म्हणाली.

"हिंदी येतं का तिला? बोर्डाचा पेपर हिंदीत असतो."

"आता है," मुलगी पहिल्यांदा बोलली. "और जो नहीं आता, सीख लूँगी।"

विनंतीचा सूर त्यात नव्हता. कमलिनीनं एक अवघड समीकरण पाटीवर लिहून तिच्या हातात दिलं. अडेल, लाजेल आणि परत जाईल, एवढाच हेतू. मथुरानं पाटी भिंतीला टेकवली, उभ्याउभ्या गणित सोडवलं आणि पाटी परत करत विचारलं, "अजून?"

खोलीतल्या मुली बघत होत्या. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

"बस तिथं मागे," कमलिनी म्हणाली. "दाराजवळ."

मथुरा हुशार होती, पण तिला हुशारी झाकून ठेवायची सवय नव्हती. कमलिनी फळ्यावर लिहीत असली की दाराजवळून आवाज यायचा, "बाई, वजाचं चिन्ह राहिलं." एकदा, दोनदा, आठवड्यात कितीदा तरी. मुली तोंडावर हात धरून हसायच्या. कमलिनी म्हणाली, "तुमचं लक्ष आहे का ते बघत होते मी." मथुरा म्हणाली, "हो का," आणि ते दोन शब्द तिनं असे उच्चारले की मुली पुन्हा हसल्या.

शीलाची तर ती गंमतच करायची. शीलाला गणित जमत नसे. ती भूमितीची सिद्धता पाठ करायची आणि मधली एक ओळ विसरली की पुढचं सगळं कोसळायचं. अशा वेळी मथुरा तिच्याकडे वळून अगदी गोड आवाजात विचारायची, "आगे क्या हुआ, शीला? गाडी रुक गई?"

रात्रीच्या जेवणाला कमलिनी तोच विषय काढायची. "ती रिगरची पोर. घरात बसायला धड खुर्ची नाही. मराठीतून हिंदीत आली, तरी बघ. आणि तू? तुला काय कमी आहे?"

"मग तिलाच ठेवून घे ना घरात," शीला म्हणायची.

"उलट बोलायची नाही."

"तुला ती आवडत नाही, अन् मी तिच्यासारखी व्हायला पाहिजे. एकदा ठरव तरी तू!"

मथुराचा आवाज, तिची चाल, पाटी पुढे करायची तिची तऱ्हा, सगळं कमलिनीला खुपत होतं. आणि शिकवताना तिचे डोळे आपोआप दाराकडेच जायचे, कारण आपण बोलतो ते कोणाला समजतंय हे तिथंच दिसायचं. या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

डिसेंबरात सहामाहीचे निकाल आले. शीला गणितात नापास झाली. मोठ्या बाईंनी कमलिनीला शाळेत बोलावलं आणि स्टाफरूममध्ये, दोन शिक्षिका स्वेटर विणत बसलेल्या असताना, म्हणाल्या, "आप तो खुद ट्यूशन पढ़ाती हैं न?" एवढंच. कमलिनी उन्हातून चालत घरी आली. वाटेत पॉवर हाउसच्या बाजाराकडे जाणारी बस तिच्या अंगावर लाल धूळ उडवून गेली. घरी पोचली तेव्हा मुली येऊन बसल्या होत्या.

त्या दिवशी त्रिकोणमितीचं शेवटचं प्रकरण सुरू व्हायचं होतं. उंची आणि अंतर. मनोऱ्याची उंची काढा, नदीची रुंदी काढा, अशी गणितं. पेपरात दरवर्षी त्यावर मोठे प्रश्न यायचे. मथुरानं ते आधीच चाळलं असावं.

"बाई, उंची-अंतर आज सुरू करायचं ना?"

"तुला नाही ते," कमलिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"प्रायव्हेटवाल्यांना यंदा ते प्रकरण नाही. बोर्डानं गाळलंय. शाळेतून बसणाऱ्या मुलींनाच आहे. तू घरी गेलीस तरी चालेल."

आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचं कमलिनीलाच नवल वाटलं. मथुरानं मान हलवली, पिशवी उचलली आणि गेली. शीला आईकडे टक लावून बघत राहिली.

आज सांगून टाकायचं, चूक झाली म्हणायचं, असं कमलिनीनं दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना ठरवलं होतं. पण मथुरा आली ती खुशीत. "बरं झालं बाई, एक प्रकरण कमी झालं," ती म्हणाली आणि शीलाकडे बघून पुढे म्हणाली, "किसी-किसी को तो पूरा करना पड़ेगा, बेचारी को."

कमलिनीनं खडू उचलला आणि फळ्याकडे वळली. ते वाक्य बोलायचं राहिलं ते राहिलंच. पुढे रोज मुली उंची-अंतराला बसल्या की मथुराला ती सांगायची, "तू जा आता," आणि प्रत्येक वेळी ते सोपं होत गेलं.

शीलानं एकदा विचारलं, "आई, बोर्डानं खरंच गाळलंय?"

"तू तुझं बघ."

शीला वहीकडे वळली. कोणाला सांगायला गेली नाही. खरं म्हणजे मथुरा पिशवी उचलून निघून जाताना तिलाही बरं वाटायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी पिठाच्या चक्कीवर दोघी समोरासमोर आल्या. चक्कीवर गर्दी होती. पट्ट्याच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागत होतं. मथुराचा डबा आधी लागला होता. शीलानं आपला डबा पुढे सरकवला, तो मथुरानं पायानं मागे ढकलला.

"लाइन में आ. यहाँ तेरी माँ का क्लास नहीं है."

"सांभाळून बोल."

"तू पास तरी होशील का गं? आई मास्तरीन, पोरगी फेल. पूरा सेक्टर हँस रहा है."

शीलाचे कान तापले. तिला फक्त हिच्या तोंडावरचं हसू उतरलेलं बघायचं होतं, बाकी काही नाही. ती म्हणाली, "हस, हस. पेपर में ऊँचाई और दूरी आएगा न, तब हँसना. बोर्डानं काही गाळलेलं नाहीये. माझ्या आईनं गाळलंय. फक्त तुझ्यासाठी."

मथुराचं हसू उतरलं. पण शीलाला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. मथुरा तिच्याकडे बघत उभी राहिली, मग पीठ दळून व्हायच्या आधीच वळली आणि डबा तिथंच टाकून निघून गेली.

घरी मैनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी मुलीच्याच पाठीत धपाटा घातला.

"पुस्तकात होतं ना थे? मंग दुसऱ्या कोनाले कावून नाई विचारलं तू?"

"बाईनं सांगतलं होतं."

"बाईनं सांगतलं! थे बाई कोन लागते तुही?"

मथुरा भिंतीला टेकून बसली होती. एरवी कधी न रडणारी मुलगी, तिचे डोळे भरले होते. "थे माहा राग करते, मले मालूम होतं," ती म्हणाली. "पन गनितात खोटं बोलन, असं नाई वाटलं वं माय."

मैनाबाईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि त्यावर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग भरला होता तेव्हा मैनाबाई आली. चप्पल काढली, उंबरा ओलांडून आत आली आणि मुलींच्या मधून चालत फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. गल्लीत उभं राहून शिव्या देणारी मैनाबाई सगळ्यांना माहीत होती, ही नव्हती.

"बाई, एक विचारायचं होतं. माह्या पोरीले कोनतं प्रकरन नाई शिकवलं तुमी?"

कमलिनीनं हातातला खडू खाली ठेवला. "मी म्हटलं होतं ते नंतर घेऊ. तिनं ऐकण्यात चूक केली असेल."

"नंतर कदी? पेपर झाल्यावर?"

"मैनाबाई, मुलींसमोर तमाशा नको. आपण संध्याकाळी बोलू."

"मुलींसमोरच. मुलींनीच तर आयकलं हाये." ती वळली. "सांगा वं पोरींनो, काय म्हनल्या होत्या बाई?"

मुली वह्यांत बघू लागल्या. एकीनं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. खोलीत ब्लेडचा तेवढा आवाज येत होता. तेव्हा कमलिनीला एक गोष्ट सुचली, आणि तिच्या आयुष्यातली ती मोठी चूक ठरली.

"शीला," ती म्हणाली, "सांग यांना, मी काय म्हटलं होतं ते."

शीला उभी राहिली. तिनं आईकडे बघितलं, मग दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे.

"तू म्हटलंस, बोर्डानं गाळलंय."

कमलिनीचा हात कधी उचलला गेला ते तिलाही कळलं नाही. थोबाडीत बसल्याचा आवाज झाला आणि पेन्सिल तासणारी मुलगी थांबली. शीला रडली नाही. गालावर हातसुद्धा ठेवला नाही. आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

"तिले कावून मारता?" मैनाबाई म्हणाली. "खरं बोलली म्हून?"

"काय पाहिजे तुम्हाला? फी परत पाहिजे?"

"फी राहू द्या तुमच्याजवळ. जे गाळलं थे पायजे."

"दुसरा मास्तर बघा."

"मराठीत समजावून हिंदीत लिवाले लावनारा दुसरा कोनी हाये का इथं? असता तर मी तुमच्या दारात पाय नसता ठेवला. उद्यापासून हे येईन. संग मीबी येईन. इथं बसीन, दारात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी रोज याच टायमाले तुमच्या अंगनात उभी राहीन. माहा आवाज तुमाले मालूम हाये."

त्या संध्याकाळी श्यामराव कारखान्यातून आला तो सायकल भिंतीला न लावता हातात धरूनच अंगणात थांबला. बातमी त्याच्या आधी गेटवर पोचली होती.

"मारोतराव दिसला मला," तो म्हणाला. "रोज नमस्कार करतो. आज माझ्याकडे बघून थुंकला."

"त्या बाईनं घरात शिरून माझा अपमान केला, तो दिसत नाही तुम्हाला?"

"तू त्या मुलीचं वर्ष बुडवणार होतीस, कमल."

"आपल्या शीलाचं वर्ष बुडतंय, त्याचं कोणाला काही आहे का?"

"मथुरा नापास झाली असती म्हणजे शीला पास झाली असती?" त्यानं सायकल लावली. "शिकव तिला. आणि नीट शिकव."

त्यानं ताट मागून घेतलं आणि व्हरांड्यात एकट्यानं जेवला. पुढे कित्येक दिवस तो तिथंच जेवत राहिला.

बाकीच्या मुली यायच्या थांबल्या. एकीची मावशी आजारी पडली, एकीला शाळेतच जादा तास सुरू झाले, एकीनं मात्र सरळ सांगितलं की बाबा नको म्हणतात. पुढच्या खोलीतली सतरंजी आता एकट्या मथुराला पुरून उरायची. कमलिनी फळ्यापाशी, मथुरा समोर, आणि उंबऱ्यावर मैनाबाई, पुढ्यात सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत. आतल्या खोलीचं दार बंद असायचं.

मथुरानं तिला बाई म्हणणं सोडलं होतं. काही म्हणतच नसे. शंका असली की वही पुढे सरकवायची आणि बोट ठेवायची. कमलिनी तिच्या चेहऱ्याकडे न बघता उत्तर द्यायची.

"भोंगा वाजतो त्या बाजूला कारखान्याची चिमणी दिसते ना? ती धर," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "तू उभी आहेस तिथून चिमणीच्या टोकाशी तीस अंशांचा कोन होतो. शंभर फूट जवळ गेलीस की साठ. उंची काढ."

मथुरानं आकृती काढली आणि टॅन उलटा मांडला.

"चूक."

तिनं खोडलं, पुन्हा मांडलं.

"पुन्हा चूक. समोरची बाजू कुठली, लगतची कुठली, हे डोळ्यांनी दिसत नाही का तुला?"

"आधी शिकवलं असतं तर दिसलं असतं," मथुरा वहीत बघत म्हणाली.

उंबऱ्यावरचं सूप थांबलं. कमलिनीनं दात आवळले, फळा पुसला आणि आकृती पहिल्यापासून काढली. या वेळी हळू, एकेक रेघ दाखवत.

कमलिनीनं तिला सोपं काहीच दिलं नाही. दोन मनोरे, मध्ये नदी, टेकडीवर देऊळ, जहाजावरून दिसणारा दिवा, पुस्तकात नसलेली गणितं ती रात्रीच मनात रचून ठेवायची. मुलगी कधीतरी पाटी आपटून उठेल आणि मग आपण म्हणू, बघा मैनाबाई, झेपत नाही तिला, अशी आशा तिला होती. मथुरा उठली नाही. गणित सुटेपर्यंत बसून राहायची, खालचा ओठ चावून चावून पांढरा करायची. कमलिनी थकून "पुरे आज" म्हणाली की मैनाबाई मुलीला विचारायची, "झालं काय वं सारं?"

"नाई. एक प्रकार राहिला."

"मंग बसा, बाई."

मैनाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती दोघींची तोंडं बघत बसायची आणि कोण टाळतंय ते तिला बरोबर समजायचं.

एकदाच काही वेगळं झालं. कमलिनीनं दिलेलं एक लांबलचक गणित मथुरानं भलत्याच बाजूनं सोडवलं. मधला एक त्रिकोण तिनं सोडूनच दिला आणि तीन ओळींत उत्तर काढलं. कमलिनीनं वही हातात घेतली, वाचली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

मथुरानं झटकन वर बघितलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला होता, अगदी लहान मुलीसारखा. मग तिला आठवलं आणि तो मिटला. कमलिनीनंही वही खाली ठेवून दिली.

"काय झालं?" मैनाबाईनं विचारलं.

"काही नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

होळी होऊन गेली, ऊन तापलं. परीक्षेचं केंद्र दुर्गला होतं. शीलाला श्यामराव सकाळी बसनं घेऊन जायचा, मथुराला मारोतराव सायकलवर बसवून. एकाच शाळेच्या फाटकात दोघे बाप उभे राहायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. गणिताच्या पेपरात चिमणी नव्हती, दीपस्तंभ होता आणि एक झाड होतं. शीलानं ते दोन्ही प्रश्न सोडून दिले. तिला ते येत नव्हते असं नाही. नंतर तिनं बापाला सांगितलं, आकृती काढायला घेतली की हात थांबायचा आणि कानात तो थोबाडीतला आवाज यायचा.

जूनमध्ये वर्तमानपत्रात निकाल छापून आला. मथुरा पहिल्या वर्गात पास झाली. शीलाचा नंबर त्यात नव्हता.

मारोतरावनं दोन्ही रांगांत पेढे वाटले. कमलिनीच्या दारावरून तो पुढे गेला, आणि ते बरोबरच होतं असं तिला वाटलं. पण संध्याकाळी मथुरा स्वतः आली. पळसाच्या पानात चार पेढे. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाबा म्हनले, देऊन ये. मायले नाई आवडलं."

कमलिनीनं पुडी घेतली. काहीतरी म्हणायला हवं होतं. "चांगलं शिकलीस तू," ती म्हणाली.

"तुमाले शिकवता चांगलं येते," मथुरा म्हणाली. "येत नसतं तर मी समजली असती. येते, म्हून जास्त राग येते."

आतलं दार उघडं होतं. शीला तिथं येऊन उभी राहिली. दोघी मुलींनी एकमेकींकडे बघितलं.

"मी तुझ्यासाठी नव्हतं सांगितलं," शीला म्हणाली. "चक्कीवर पण नाही, अन् इथं पण नाही."

"मालूम है," मथुरा म्हणाली आणि गेली.

पुढे तिला दुर्गच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गणितच घेतलं तिनं. मैनाबाई गल्लीतून जाताना मान वर करून चालायची, आणि कमलिनी समोर आली तर तिच्या आरपार बघायची.

शीलाला नागपूरला आत्याकडे पाठवायचं ठरलं. तिनंच मागितलं. गणित सोडून, गृहशास्त्र घेऊन पुन्हा बसायचं. कमलिनीनं एकदाच म्हटलं, "मी शिकवीन गं तुला, पहिल्यापासून, अगदी हळू." शीला पेटीत कपडे घालत होती. "नको," ती म्हणाली. रागानं नाही. कोणी अजून भात वाढू का विचारल्यावर म्हणावं तसं.

दुर्ग स्टेशनवर सोडायला कमलिनी गेली. आत्याचे दीर सोबत होते म्हणून श्यामराव ड्यूटीवर गेला होता. गाडी उभी राहिली, जागा मिळाली, पेटी बाकाखाली गेली. कमलिनी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. त्या दिवसानंतर तिनं शीलाला हात लावलेला नव्हता. आज लावावा, गालावर नुसता टेकवावा असं तिच्या मनात होतं, पण गज मध्ये होते आणि शीला खिडकीपासून आत सरकून बसली होती. समोरच्या बाकावरच्या बाईनं शीलाला विचारलं, "कौन हैं? छोड़ने आई हैं?"

"माँ हैं," शीला म्हणाली.

"मी मारायला नको होतं तुला," कमलिनी म्हणाली.

इंजिनानं वाफ सोडली. शीलानं ऐकलं की नाही ते कळलं नाही. गाडी हलली, कोळशाचा धूर डब्यात शिरायला लागला, तशी तिनं उठून खिडकीची झडप खाली ओढली.

कमलिनी बसनं परत आली. गल्लीच्या तोंडाशी मैनाबाई वाळवण गोळा करत होती. एकटी परतणारी कमलिनी, हातात शीलाची न्यायची राहून गेलेली छत्री, तिनं सगळं बघितलं. कमलिनी थांबली. आता ही बोलेल, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं काहीतरी बोलेल, आणि आज ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती. मैनाबाईनं तिच्याकडे पुरतं बघून घेतलं, गोळा केलेलं वाळवण पदरात धरलं आणि आत निघून गेली.